नुसता ऐकणारा सेट : एका पंपहाऊसचं प्रकरण

“सर, मी बोललो ना, की मग मला ऐकू येतं. नाहीतर नाही.”

पंपहाऊसच्या ऑपरेटरने पहिल्याच भेटीत हे सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि टॉवरवरून उतरणारी केबल बघायला गेलो. सगळं निदान त्या वाक्यात होतं. मला ते कळायला अकरा दिवस लागले.

मी सोलापुरात वायरलेस सेटच्या दुरुस्तीचं काम करतो, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्सही आहे. ज्या कारखान्यात हे घडलं त्याचं नाव लिहिणार नाही. जिल्ह्यातलाच आहे आणि आवार मोठं आहे, एवढं पुरे. मुख्य आवारात एक टॉवर आणि नदीकाठच्या पंपहाऊसपाशी दुसरा. दोघांमध्ये ९ किलोमीटर अंतर, त्यातले शेवटचे तीन पाणंदीचे. पंपहाऊसवर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे तिथल्या एकट्या माणसाचा जगाशी संबंध हातातल्या वॉकीटॉकीपुरता.

एप्रिलमधली रात्र. रात्री बारालाही भिंती तापलेल्या, सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आवारातली साठवण टाकी भरत आली म्हणून शिफ्ट इंजिनिअरने वॉकीटॉकीच्या ‘पाणी’ ग्रुपवर “पंप बंद करा” म्हणून सांगितलं. उत्तर नाही. आणखी दोनदा सांगितलं. दर वेळी त्याच्या सेटने लाइन मिळाल्याचा नेहमीचा ‘टिडिक’ आवाज दिला, म्हणजे निरोप गेला असं त्याने धरलं. शेवटी गाडी पाठवली. गाडी पोचेपर्यंत टाकी तासभर वाहत होती आणि केबलच्या चरात पाणी शिरलं होतं. ऑपरेटर जागा होता, सेट हातात होता, सिग्नलच्या काड्या पूर्ण होत्या. तरी त्याला मेमो मिळाला, ड्युटीवर झोपल्याचा.

हे तिसऱ्यांदा झालं होतं. तिन्ही वेळा रात्रपाळीतच.

आधी मी काय चुकलो

केबलच्या वरच्या जोडात पाणी मुरलेलं सापडलं. कनेक्टर हिरवा पडलेला. दुरुस्तीवाल्याला असं काही सापडलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. जोड बदलला, वर टेप गुंडाळली, वॉटमीटर लावून परत येणारी पॉवर मोजली, सगळं ठीक. मग सेट हातात घेतला, पीटीटी म्हणजे बोलायचं बटण दाबून “हॅलो कंट्रोल, पंपहाऊसवरून चाचणी” म्हणालो. कंट्रोल रूमने उत्तर दिलं, ते स्वच्छ ऐकू आलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा आलं. रिपोर्टवर सही करून घेतली आणि येताना शेंगाचटणी घेऊन घरी आलो.

आठव्या दिवशी परत फोन. पुन्हा तेच.

माझ्या चाचणीतच खोट होती. ऐकू येतं का हे तपासायला मी दर वेळी आधी बोलत होतो. आणि हा दोष असा होता की बोललं की तो नाहीसाच होत होता.

कंपाउंडर आणि नाव नोंदवणं

कारखान्याची सिस्टिम ट्रंकिंगची होती, म्हणून इथे ट्रंकिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. साध्या वॉकीटॉकीत एका ग्रुपला एक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. त्या फ्रिक्वेन्सीवर जो सेट ठेवाल तो ऐकेल, टॉवरला त्याची खबरही नसते. ट्रंकिंगमध्ये फ्रिक्वेन्सी कुणाच्याच मालकीची नाही. चार डॉक्टर बसतात असा दवाखाना समजा. बाहेर एकच कंपाउंडर. कुणी कुठल्या खोलीत जायचं ते तो सांगणार. रेडिओतला हा कंपाउंडर म्हणजे कंट्रोल चॅनल. त्यावर चोवीस तास डेटा चालू असतो. कुणी पीटीटी दाबला की सेट आधी कंट्रोल चॅनलवर परवानगी मागतो. कंपाउंडर म्हणतो, पाणी ग्रुप, तीन नंबरच्या खोलीत. ग्रुपचे सगळे सेट त्या क्षणी तिकडे वळतात आणि बोलणं संपलं की परत बाकावर.

पण दवाखान्यात आल्यावर नाव सांगावं लागतं. नाव नोंदलं नसेल तर कंपाउंडर हाक मारणार कुणाला? सेट चालू केला की तो स्वतःहून कंट्रोल चॅनलवर आपला आयडी कळवतो, मी आलो आहे, या टॉवरखाली आहे, अमुक ग्रुप ऐकतोय. हे रजिस्ट्रेशन. माणसाने पीटीटीला बोटही लावलेलं नसतं. बंद करताना बहुतेक सेट जातो म्हणूनही सांगतात आणि मग सिस्टिम नाव खोडते.

या कारखान्यातली सिस्टिम डीएमआर टिअर ३ प्रकारची. डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, हे युरोपातल्या एत्सी या संस्थेचं मानक, टिअर ३ हा त्यातला ट्रंकिंगचा प्रकार, २००५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेलं. त्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आलटून पालटून चालतात, म्हणजे एका रिपीटरवर (सेटचं बोलणं घेऊन पुढे पाठवणारं टॉवरवरचं यंत्र) एकाच वेळी दोन बोलणी. पंपहाऊसच्या टॉवरवर दोन रिपीटर, म्हणजे चार स्लॉट. त्यातला एक कंपाउंडरचा, बोलायला उरले तीन.

स्लॉट असे मोजून असल्यामुळे सिस्टिम काटकसर करते. ज्या टॉवरखाली ग्रुपचा एकही नोंदलेला सेट नाही, त्या टॉवरवर त्या ग्रुपचं बोलणं ती पाठवतच नाही. ऐकणारा नाही तिथे स्लॉट कशाला अडवायचा? हिशेब बरोबर आहे. पंपहाऊसच्या टॉवरखाली ‘पाणी’ ग्रुपचा एकच सेट होता, ऑपरेटरचा. त्याची नोंद तिथून हलली की त्या ग्रुपपुरता तो टॉवर मुका.

लॉग

दुसऱ्या फेरीत मी रात्रपाळीला गेलो. बरोबर लॅपटॉप आणि एक एसडीआर डाँगल, म्हणजे लॅपटॉपला लावून रेडिओ सिग्नल पकडायचं छोटं यंत्र. हे डाँगल मुळात टीव्ही बघायला बनवलेलं, आत रिअलटेकची आरटीएल २८३२यू चिप. याला पाठवायची सोयच नाही, खरोखर नुसता कान. कारखान्याकडून लेखी परवानगी घेऊन मी ते पंपहाऊसच्या कंट्रोल चॅनलवर लावलं आणि ऑपरेटरला म्हटलं, आज पीटीटीला हात लावायचा नाही.

तो हसला. म्हणाला, “तेच तर सर. मी मुद्दाम पंधरा-पंधरा मिनिटांनी ‘पंपहाऊस ऐकतंय’ म्हणायचो. मग बरोबर ऐकू यायचं. साहेब ओरडले, चॅनल टाइमपासला दिलाय का म्हणून. बंद केलं.”

कंट्रोल रूमला सांगून ठेवलं होतं की दर पाच मिनिटांनी ‘पाणी’ ग्रुपवर आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन आले. चौथ्याला सेट गप्प, पण मी स्क्रीनकडे बघत होतो. कंट्रोल चॅनल चालू, बाकी ग्रुपचं कामकाज चालू, ‘पाणी’ ग्रुपला या टॉवरवर स्लॉट दिल्याची ओळच नाही. म्हणजे ऑपरेटरच्या सेटला ऐकू येत नव्हतं असं नाही, टॉवर बोलतच नव्हता. केबल, अँटेना, बॅटरी सगळी निर्दोष सुटली. माझा आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट खोटा ठरला.

सकाळी मुख्य आवारातल्या सर्व्हरचा लॉग उघडला. आयडी १४१७, म्हणजे पंपहाऊसचा सेट. मेमोच्या रात्रीच्या ओळी अशा होत्या : ००:०३:१८, साइट २ (पंपहाऊस), कॉल. ००:०३:५६, साइट १ (मुख्य आवार), रजिस्ट्रेशन. अडतीस सेकंदांत माणूस नदीकाठावरून आवारात पोचला होता. मग ०१:२०:०७, साइट १, डीरजिस्ट्रेशन. म्हणजे १४१७ घरी गेला, सिस्टिमच्या लेखी आता तो कुठेच नाही. आणि ०२:०१ ला तोच परत साइट २ वरून बोलतोय.

एकाच नावाची दोन रेशनकार्डं.

अण्णांचा सेट

साइट १ वर शोधायला वेळ लागला नाही, कारण नोंदीच्या वेळा रात्रपाळीतल्याच होत्या आणि ‘पाणी’ ग्रुपशी संबंध असलेली जागा आवारात दुसरी एकच, जलशुद्धीकरणाचं ऑफिस. तिथले सुपरवायझर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. टेबलावर चार्जरमध्ये एक जुना सेट, पाठीवर भंगाराचा पिवळा शिक्का.

“अण्णा, हा कुणाचा?”

“आमचाच की. नुसता ऐकायला ठेवलाय बे. कुठला पंप चालू, कुठला बंद, ते कळलं तर तुरटीचा डोस बदलता येतो. दर वेळी फोन कुणाला करायचा?”

गरज खरी होती, हे आधी नमूद करतो. नवा सेट मागितला तर कागद सहा महिने फिरतो. म्हणून अण्णांनी भंगारात काढलेला एक सेट ठेवून घेतला आणि बाहेरच्या एका प्रोग्रॅमिंगवाल्याकडून पंपहाऊसच्या सेटची नक्कल त्यात उतरवून घेतली. एका सेटमधून केबलने वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं, पाच मिनिटांचं काम. ग्रुप आले, फ्रिक्वेन्सी आल्या, आणि आयडीही जसाच्या तसा आला. अण्णा सावध माणूस. कुणी चुकून बोलू नये म्हणून त्यांनी पीटीटीचं बटण सॉफ्टवेअरमधून काढायला लावलं होतं. दाबून दाखवलं, काहीच झालं नाही.

“बघा. हा बोलतच नाही.”

त्यांच्या टेबलावर एक ट्रान्झिस्टर मंद आवाजात चालू होता. मी सेट बंद केला, ट्रान्झिस्टरला टेकवून ठेवला आणि परत चालू केला. सेटचा पडदा उजळला, दोन-तीन सेकंद गेले, आणि गाण्यात स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला. परत बंद केला, ‘टक्’. चालू केला, ‘टक्’. बटण नसलेला सेट चार वॉटने बोलत होता, एवढंच की ३० मिलिसेकंदांपुरता आणि माणसाच्या भाषेत नाही.

अण्णा बराच वेळ ट्रान्झिस्टरकडे बघत बसले. मग रात्रपाळीच्या पोराला बोलावलं. पोराने जे सांगितलं त्याने उरलेलं कोडं सुटलं. सेटची बॅटरी जुनी, दोन तासांत मान टाकायची. म्हणून तो फिल्टरच्या राऊंडला जाताना सेट बंद करायचा आणि परत आला की चालू. प्रत्येक वेळी चालू केला की १४१७ ची नोंद आवारात ओढली जायची, बंद केला की पुसलीच जायची. दिवसा अण्णा सेट चार्जरवरच ठेवत, चालू-बंद होत नसे, म्हणून दिवसा तक्रार नव्हती. ऑपरेटर दोन तासांनी आकडे सांगायला बोलला की नोंद परत त्याच्याकडे जायची, पुढच्या राऊंडपर्यंत. अण्णांच्या सेटला मात्र सगळं कायम ऐकू येत होतं, कारण मुख्य टॉवरखाली ‘पाणी’ ग्रुपचे इतर सेट होतेच. त्यांना संशय येणार तरी कशावरून?

आणि सिस्टिमने हे जुळं पकडलं का नाही? सेटचा मूळ सिरियल नंबर आयडीशी पडताळून बघायची सोय त्यात होती. बसवताना कुणीतरी ती बंद ठेवली होती, बहुधा सेट बदलताना कटकट नको म्हणून. हा दोष मला अण्णांच्या नकलेपेक्षा मोठा वाटतो.

मग खरंच मुका करता येतो का?

अण्णांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि योग्य होता. नोंदणी न करता ऐकणारा सेट करता येत नाही का?

येतो, काही ठिकाणी. अमेरिकेत पोलिस-अग्निशमनासाठी पी-२५ नावाचं मानक चालतं. तिथल्या काही सेटमध्ये नोंद न करता कंट्रोल चॅनल वाचून ग्रुपच्या मागे जाण्याची सोय मिळते. तिथे छंद म्हणून ऐकणारे लोक आहेत आणि त्यातले जाणते स्कॅनरच वापरतात, कारण स्कॅनरला पाठवायचा भागच नसतो. बोलण्याच्या सेटवर ही सोय लावताना सेटिंगमधली एक खूण चुकली की सेट परक्या सिस्टिमवर जाऊन नाव सांगतो, आणि मग तिथला व्यवस्थापक त्याला दुरूनच बंद पाडू शकतो. टेट्रा या दुसऱ्या मानकात प्रेषण रोखण्याचा रीतसर मोड आहे, स्फोटाची भीती असलेल्या जागा, हॉस्पिटलातली नाजूक यंत्रं, अशा ठिकाणांसाठी. तो मला सगळ्यात सभ्य वाटतो : सेट गप्प होण्याआधी सिस्टिमला सांगतो की आता मी फक्त ऐकणार. कंपाउंडरला सांगून डोळे मिटल्यासारखं.

पण न सांगता ऐकणाऱ्याला एक अडचण कुठेच चुकत नाही, आणि ती माझ्या डाँगलने पंपहाऊसवर प्रत्यक्ष दाखवली होती. नोंद नसलेला कान दुसऱ्यांच्या जिवावर ऐकतो. त्या टॉवरखाली ग्रुपचा कुणी नोंदलेला असेल तोवर त्याला ऐकू येतं, तो माणूस उठून गेला की शांतता. अण्णांच्या ऑफिसात हे चाललं असतं. पंपहाऊसवर नाही.

कायद्याचंही अण्णांना सांगितलं. आपल्याकडे नुसतं ऐकण्याचं यंत्रही कायद्याच्या बाहेर कधी नव्हतं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बाळगण्यालाच लायसन्स लावलं होतं, घरच्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन रिन्यू करायचे दिवस अण्णांना आठवतात. कारखान्याच्या लायसन्सवर सेटची संख्या लिहिलेली असते, आणि हा सेट कागदावर भंगारात गेलेला. स्वतःच्या आवारातल्या स्वतःच्या ग्रुपचं ऐकणं हा निदान घरचा मामला. दुसऱ्याच्या जाळ्यात घुसणं किंवा संदेश चोरून ऐकणं याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मुद्दाम लिहितोय, कारण दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आधी कुणीतरी पोरगा येतोच, “काका, होम मैदानावर पोलिसांचं ऐकू येईल असा सेट करून द्या की.” नाही करून देत. वॉकीटॉकीच हवा असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे सेट २०१८ च्या नियमांनुसार लायसन्सशिवाय चालतात, मित्रामित्रांत बोला आणि तुमचंच ऐका.

काय केलं

अण्णांच्या सेटमधली नक्कल पुसली. त्यांच्या ऑफिसला स्वतःचा आयडी दिला, रजिस्टरमध्ये आणि लायसन्सच्या कागदात दाखल करून, नव्या बॅटरीसह. बोलण्याची बंदी सेटमध्ये न ठेवता सर्व्हरवर लावली, म्हणजे उद्या कुणी परत नक्कल मारली तरी त्या आयडीला लाइन मिळणार नाही. सेट नाव नोंदवतो, ऐकतो, बोलू शकत नाही. अण्णांना हवं होतं ते एवढंच होतं.

सिरियल नंबरची पडताळणी चालू केली. पहिल्याच दिवशी आणखी दोन जुळी निघाली, त्यातलं एक कँटीनमध्ये. ते तिथे काय ऐकत होते ते मी विचारलं नाही.

वाद झाला तो तिसऱ्या बदलावर. मी म्हणालो, ‘पाणी’ ग्रुप पंपहाऊसच्या टॉवरवर कायमचा बांधून टाका, तिथे कुणी नोंदलेलं असो वा नसो. याने तीनपैकी एक स्लॉट ‘पाणी’ ग्रुपच्या प्रत्येक बोलण्यासाठी अडतो. आयटीवाल्यांना ही उधळपट्टी वाटली. पडताळणी चालू केल्यावर गरज काय, असं त्यांचं म्हणणं, आणि तर्काने ते बरोबरच होतं. पण सेट बिघडतो, माणूस चुकून ग्रुप बदलतो, टॉवरची वीज जाऊन येते, प्रत्येक वेळी नोंदीचा घोळ होऊ शकतो. नदीकाठी एकटा असलेल्या माणसासाठी एक स्लॉट मला महाग वाटला नाही. शेवटी शिफ्ट इंजिनिअरने माझी बाजू घेतली, त्या रात्री वाहत्या टाकीपाशी उभा राहिलेला तोच होता.

मेमोचं मात्र विचित्र झालं. लॉगचे कागद जोडून मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की त्या रात्री ००:०३ ते ०२:०१ पंपहाऊसला ग्रुपचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. साहेबांनी वाचलं, “बरं झालं कळलं” म्हणाले. मेमो मागे घेतल्याचं पत्र द्या म्हटल्यावर कळलं की मेमो मागे घ्यायचा नमुनाच ऑफिसात नाही. फाइलवर ‘बंद’ असा शेरा मारला आहे.

पावसाळ्यानंतर टॉवरच्या तपासणीला गेलो होतो. रात्रीचे साडेदहा, तोच ऑपरेटर ड्युटीवर. मी जोडावरची टेप बघत होतो, तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला, “पंपहाऊस ऐकतंय.” आत जाऊन सांगितलं, आता याची गरज नाही, ग्रुप बांधून टाकलाय. तो हो म्हणाला. पावणेअकराला परत, “पंपहाऊस ऐकतंय.”